जागा उरली तर

आमच्या घरी गावाला जायचं कधी ठरत नसे, गावाला जायची शक्यता तेवढी ठरत असे. बाबा इथल्या, म्हणजे अमेरिकेच्या, हवाई दलात मेकॅनिक होते. विमानांची चाकं आणि ब्रेक हा त्यांचा प्रांत. त्या नोकरीबरोबर एक सवलत मिळायची. सैन्याचं एखादं विमान आपल्या कामाला कुठे निघालं असेल आणि सामान भरून झाल्यावर त्यात जागा उरली असेल, तर रजेवरच्या सैनिकांना आणि त्यांच्या बायकापोरांना त्यात फुकट बसू देत. स्पेस-ए म्हणतात त्याला. आपण नाव नोंदवायचं, बेसवरच्या टर्मिनलमध्ये जाऊन बसायचं आणि पुकारा झाला की काउंटरपाशी उभं राहायचं. विमान कुठे जाणार हे एक-दोन दिवस आधी कळे, जागा किती उरल्या हे दोन-तीन तास आधी, आणि ते खरंच उडणार का हे उडाल्यावर. एकदा आम्ही नागपूरला आजीला फोन करून सांगितलं की हवाईला निघालोय, आणि दुसऱ्या दिवशी तिला देशाच्या मध्यावरच्या ओक्लाहोमातून फोन केला. आजीने विचारलं, "समुद्र कसा आहे गं?" आई म्हणाली, "शांत आहे."

आमचं क्वार्टर कॅलिफोर्नियातल्या बेसवर, धावपट्टीच्या इतकं जवळ होतं की मोठं विमान उठलं की मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या आपसांत बोलायला लागायच्या. सकाळी कुकरच्या शिट्ट्या आणि विमानांची गर्जना एकाच वेळी चालायची, आणि आईची शिट्ट्यांची मोजणी हमखास चुकायची. त्यामुळे आमच्याकडे वरण एक तर दाताखाली यायचं, नाही तर पाण्यासारखं वाहायचं. मधलं वरण मी लग्नानंतर सासरी, श्रूजबरीला आल्यावर पहिल्यांदा खाल्लं. बाबा मात्र ताटावर बसल्या बसल्या नुसत्या आवाजावरून सांगायचे, हे कुठलं विमान, त्याचं कुठलं चाक त्यांनी गेल्या आठवड्यात बदललं. आई म्हणायची, "चाकं तुमची, ब्रेक तुमचे, आणि बसायची वेळ आली की आपण वेटिंग लिस्टवर."

मराठी माणसं बघायची झाली तर सनीव्हेलला जावं लागे. तिथे सगळे सॉफ्टवेअरवाले. गणपतीला, संक्रांतीला आम्ही जायचो आणि दर वेळी कुणी तरी नवी काकू आईला विचारायची, "मिस्टर कुठल्या कंपनीत?" आई सांगायची, "एअर फोर्समध्ये." मग, "अच्छा, म्हणजे इंडियाच्या?" आई म्हणायची, "नाही, इथल्याच." यावर त्या आईला आणखी एक पुरणपोळी वाढायच्या. आणि इथून खरी गोष्ट सुरू होते.

कारण आईचं नको म्हणणं ही एक कला होती. पहिलं नको सवयीचं, वाढणारीकडे न बघता. दुसरं ताटावर हात आडवा धरून. तिसरं जरा कळवळून, "अहो खरंच नको." आणि चौथ्या वेळी, "बरं, अर्धीच द्या," म्हणून अख्खी खायची. मी चौदा वर्षांची होते, दिवसभर अमेरिकन शाळेत असायचे, आणि तिथे कुणी काही दिलं की थँक यू म्हणून तोंडात टाकायचं एवढंच मला ठाऊक. एका रविवारी सनीव्हेलच्या एका काकूंनी मला "अजून एक घेशील?" विचारलं आणि मी "हो" म्हणून ताट पुढे केलं. परतीच्या गाडीत आईने दोन तास माझी हजेरी घेतली. "लगेच हो म्हणतात का, मंजू? हावरट दिसतं. समोरच्याला कळायला पाहिजे की आपण काही तुटून पडलेलो नाही. तीनदा नको म्हणावं. दुसऱ्यांना आधी मिळू द्यावं. आग्रह झाला की मग घ्यावं." मागच्या सीटवरून माझा सात वर्षांचा भाऊ निखिल म्हणाला, "बट व्हॉट इफ दे डोन्ट आस्क अगेन?" आई म्हणाली, "असं होत नसतं."

बाबा तेव्हा चार महिन्यांपासून दूरच्या कुठल्याशा वाळवंटात तैनात होते. त्याच आठवड्यात जर्सी सिटीहून विनूमामाचा फोन आला. त्याच्या मुलाचं बारसं रविवारी संध्याकाळी ठरलं होतं. विनूमामा आईचा एकुलता एक भाऊ. आजी-आजोबांना व्हिसा मिळाला नव्हता, त्यामुळे आमच्या बाजूने पाळण्याजवळ उभं राहायला अख्ख्या अमेरिकेत एकटी आई. शिवाय ती आत्या. बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानेच. नाव तिला फोनवर हळूच सांगून झालं होतं आणि ते तिने आम्हालाही सांगितलं नव्हतं. मामीच्या मैत्रिणी म्हणाल्या होत्या, दुसरी कुणी तरी सांगेल की कानात, त्यात काय. हे ऐकल्यापासून आईने स्वयंपाकघरात भांडी जोरजोरात ठेवायला सुरुवात केली होती. साध्या विमानाची तिकिटं आयत्या वेळी आमच्या आवाक्यातली नव्हती. बाबा तैनातीवर असल्यामुळे आम्हाला त्यांच्याशिवाय स्पेस-एने जाता येत होतं, त्यासाठी त्यांच्या साहेबांच्या सहीचं पत्र होतं. बाबांनी फोनवर मला बजावलं, "आईला ते इंग्लिश पटपट कळत नाही. काउंटरवर तू बोलायचं. पत्र, आयडी, सगळी फाइल तुझ्याकडे. यू आर इन चार्ज." मी त्या दिवशी आरशासमोर उभी राहून सॅल्यूट करून पाहिला. हे लिहिताना लाज वाटते, पण केला होता.

शनिवारी सकाळी आम्ही टर्मिनलवर पोचलो. पायात बंद बूट सक्तीचे, म्हणून आई पैठणी बॅगेत ठेवून साध्या साडीवर निखिलच्या जुन्या बुटांच्याच रंगाचे स्पोर्ट्स शूज घालून आली होती. माणशी दोन बॅगा, प्रत्येकी सत्तर पौंड, हे ऐकून तिच्यातली गृहिणी जागी झाली होती. झबली, टोपडी, दुपटी, कुंची, अळीव, आणि मामीसाठी डिंकाचे लाडू एवढे की वजनकाट्यावरच्या माणसाने डबा उघडून विचारलं, हे काय आहे. मी म्हटलं, यात झाडाचा डिंक असतो, बाळंतिणीला देतात. त्याने डब्याकडे आणि मग आईकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यात मामीबद्दल फार काळजी होती.

यादी निघाली तेव्हा न्यू जर्सीच्या विमानात अकरा जागा होत्या. रजेवरचे सैनिक आमच्या वरच्या वर्गात, मग आमच्यासारखी तैनातीवाल्यांची कुटुंबं, आणि सगळ्यात शेवटी निवृत्त मंडळी. ही निवृत्त मंडळी टर्मिनलमधली खरी रहिवासी. उशा, थर्मास, पत्त्यांचा जोड घेऊन येतात आणि दोन-दोन दिवस तक्रार न करता बसतात. आई बाकावर निखिलच्या बुटाची नाडी बांधत होती. मी फाइल छातीशी धरून काउंटरपाशी. आमचं नाव पुकारलं. काउंटरवरचा सार्जंट म्हणाला, "फॅमिली ऑफ थ्री? आय हॅव थ्री सीट्स. यू वॉन्ट देम?"

माझ्या मागे एक म्हातारं जोडपं उभं होतं, आजीबाईंच्या हातात वॉकर. बाकावरून आई माझ्याकडेच बघत होती. आणि माझ्या डोक्यात गाडीतले ते दोन तास उभे राहिले. लगेच हो म्हणायचं नाही. दुसऱ्यांना आधी. मी मान जराशी कलती केली, आईसारखी, आणि म्हटलं, "नो, नो, दॅट्स ओके. प्लीज, गिव्ह देम टु समवन एल्स."

सार्जंटने वर पाहिलं. "यू शुअर?"

मला इतका आनंद झाला. हा पहिला आग्रह. अजून दोन यायचे होते. मी म्हटलं, "येस, आय ॲम शुअर," आणि दुसऱ्याची वाट पाहत नम्रपणे उभी राहिले. त्याने आमच्या नावावर पेनाने एक रेघ ओढली आणि माझ्या डोक्यावरून पुढचं नाव पुकारलं.

तिकडे आईने माझा चेहरा बघून सगळं जमलं असं समजून बॅगा उचलल्या होत्या. मी तिच्यापर्यंत कशी चालत गेले ते आठवत नाही. म्हटलं, "आई, तो परत विचारत नाहीये."

"काय परत विचारत नाहीये?"

"जागा. मी नको म्हटलं."

आईने बॅगा खाली ठेवल्या. "तू नको म्हणालीस?"

"तूच सांगितलंस ना, लगेच हो म्हणायचं नाही."

"अगं, ते ताटावर."

"सीटवर नसतं?"

निखिल म्हणाला, "आय सेड सो. इन द कार." त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही, आणि हे तो आजही, दोन मुलांचा बाप असून, बोलून दाखवतो.

मी धावत काउंटरवर परत गेले, पण आमच्या जागा त्या जोडप्याला आणि आणखी एका आजोबांना दिल्या गेल्या होत्या. आजीबाई वॉकर ढकलत थेट आईपाशी आल्या, तिला मिठी मारली, आणि सांगितलं की आजकाल अशी मुलं राहिली नाहीत, तुम्ही मुलीला फार सुंदर वाढवलंय. आईला ते सगळं समजलं. ती हसली. त्या हसण्यासारखं हसणं मी पुन्हा एकदाच पाहिलं, माझं बारावीचं रिपोर्ट कार्ड आलं तेव्हा. मग ती बाकावर बसली, डब्यातून एक दशमी काढली आणि कोरडीच, चटणीशिवाय, शेवटच्या घासापर्यंत खाल्ली. मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

त्या दिवशी पूर्वेकडे दुसरं विमान नव्हतं. रविवारी भल्या पहाटे एक सामानाचं विमान डेलावेअरला जायचं होतं. तिथून जर्सी सिटी गाडीने अडीच-तीन तास. ते मिळालं तर संध्याकाळी पोचता येत होतं. नाही मिळालं तर आत्याशिवाय बारसं. दुपारी आईने मामाला फोन केला, नुसतं म्हणाली, "आजचं हुकलं रे, गर्दी होती." माझं नाव घेतलं नाही. ते मला आणखीच लागलं.

दिवसभर आम्ही टर्मिनलमध्ये. शेजारच्या बाकावर रोंडा नावाची उंच, धिप्पाड सार्जंटबाई होती, शुक्रवारपासून डेलावेअरच्याच विमानाची वाट बघत. तिने विचारलं म्हणून मी तिला सगळं सांगितलं. बारसं म्हणजे काय, आत्या काय करते, आणि सकाळी मी काय केलं तेही. कुणाला तरी सांगायचंच होतं. ती इतकी हसली की पत्ते खेळणारे आजोबा थांबून बघायला लागले. आईने तिला दशमी आणि तिळाची चटणी दिली. रोंडाने लगेच घेतली, लगेच खाल्ली, आणि विचारलं, आणखी आहे का. आई तिच्याकडे बघतच राहिली, वाढता वाढता.

रविवारी पहाटे पुकारा झाला तेव्हा आई माझ्या शेजारी उभी होती. फाइल माझ्याकडून काढून घेतलेली नव्हती, पण तिने तिचं एक टोक धरून ठेवलं होतं. सामान जास्त भरलं होतं, जागा कमी उरल्या होत्या. रजेवरच्या सैनिकांनी घेतल्या, रोंडाने तिची घेतली, आणि आमची पाळी आली तेव्हा सार्जंटने, हा दुसरा होता, यादीवरून बोट फिरवून सांगितलं: दोन. "टू सीट्स. फॅमिली ऑफ थ्री." दोघांनी जायचं आणि एकाने थांबायचं, तर थांबणार कोण? सात वर्षांचा, की चौदा वर्षांची, की आत्या? आईने मला विचारलं, "नाहीच का होणार?" तिचा आवाज तोपर्यंत मी असा कधी ऐकला नव्हता. चढ नव्हता त्यात, उतार नव्हता, नुसता सपाट.

रोंडा पुढे गेलेली परत आली. बॅग खांद्यावरून उतरवून तिने आईला सांगितलं, हळूहळू, एकेक शब्द सुटा करून: मी माझ्या आईच्या घराचा व्हरांडा रंगवायला चालले आहे. व्हरांडा मंगळवारी पण तिथेच असेल. टेक माइन.

मी आईकडे पाहिलं. नको म्हणायची सगळी यंत्रणा सुरू झालेली मला दिसली. मान कलली. हात आडवा धरायला छातीपर्यंत वर आला. ओठ "नो"साठी गोल झाले. सार्जंटचं पेन यादीवर टेकलेलं होतं. रोंडा फक्त उभी होती, तिला पुन्हा विचारायचं नव्हतं, इथली माणसं एकदाच विचारतात आणि मनापासून विचारतात. आईचा हात एक क्षण तसाच हवेत राहिला. मग तो खाली आला, आणि ती म्हणाली, "येस."

तेवढंच. थँक यू म्हणायचंसुद्धा राहून गेलं. ते तिला विमानाच्या शिडीवर आठवलं, तेव्हा रोंडा काचेपलीकडे बाकावर आडवी झालेली होती.

सामानाचं विमान म्हणजे उडणारं गोदाम. कडेला जाळीच्या खुर्च्या, मध्ये साखळ्यांनी बांधलेली खोकी, पायांना बर्फ आणि डोक्याला उकाडा. कानात घालायला फोमची बुचं देतात. आईने ती एकदा घालून पाहिली आणि कानात काही तरी अडकेल म्हणून काढून टाकली. पाच तास ती एका भल्यामोठ्या खोक्याकडे तोंड करून बसली. निखिल दुपट्यांच्या ढिगावर झोपला. मध्येच आई माझ्या कानाशी येऊन ओरडली, "एकदाही नको म्हटलं नाही गं मी." मी ओरडले, "बरं केलंस." ती ओरडली, "काय वाटलं असेल तिला." आणि पुन्हा खोक्याकडे बघत बसली.

डेलावेअरला मामा गाडी घेऊन उभा होता, स्वतःच्या मुलाचं बारसं सोडून. वाटेत तो बोलत होता आणि आई दर वाक्याला "काय?" म्हणत होती. पैठणी तिने पेट्रोल पंपाच्या बाथरूममध्ये नेसली. जर्सी सिटीच्या त्या उंच इमारतीत खालच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये पाळणा बांधला होता, पन्नास-साठ माणसं ताटकळली होती, मामीच्या मैत्रिणींनी घड्याळं बघून झाली होती. आई स्पोर्ट्स शूज काढून सरळ पाळण्यापाशी गेली. बायका गोळा झाल्या. प्रथेप्रमाणे आई बाळाच्या कानाशी वाकली, "कुर्रर्र" केलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, आणि तिने नाव कुजबुजलं.

म्हणजे तिला वाटलं की कुजबुजलं. पाच तास विमानाच्या आवाजात बसलेल्या माणसाला आपला आवाज किती आहे ते कळत नाही. "तन्मय" हे नाव हॉलच्या त्या टोकाला ढोकळा लावणाऱ्या माणसाने ऐकलं. शेजारच्या जिममध्ये ट्रेडमिलवर धावणारा एक गोरा थांबून काचेतून डोकावला. तन्मयने भोकाड पसरलं. आई आणखी दोनदा तितक्याच विश्वासाने कुजबुजली. मामा हसत होता आणि डोळे पुसत होता, आणि मामीच्या एका मैत्रिणीने दुसरीला म्हटलेलं मी ऐकलं, "आत्याच हवी गं."

जेवणं चालू असताना बाबांचा फोन आला. वाळवंटातून आवाज यायला दोन-तीन सेकंद लागायचे, म्हणून प्रत्येक प्रश्नानंतर एक पोकळी. आईने फोन कानाला घट्ट दाबला, मी शेजारी. तिच्या बहिऱ्या कानासाठी बाबा ओरडत होते, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. "जागा लगेच मिळाली का?" आई म्हणाली, "मिळाली." पोकळी. "मंजूने काउंटरवर नीट केलं ना?" आईने माझ्याकडे पाहिलं. "केलं," आई म्हणाली. "मला तोंड उघडावं लागलं नाही." पोकळी. मग बाबांचं "शाब्बास" आलं, लांबून, खरखरत, आणि ते मला घ्यावं लागलं.

बाबांनी ते शाब्बास पुढे वीस वर्षं वापरलं. माझ्या लग्नात, माझ्या नवऱ्याच्या सगळ्या नातेवाइकांसमोर त्यांनी सांगितलं की चौदाव्या वर्षी या पोरीने एकटीने आईला आणि भावाला देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला नेलं. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

परवा आईला फोन करून सांगितलं की हे प्रकरण लिहिते आहे, आणि या वेळी खरं ते लिहिणार, बाबांनाही कळू दे. मला वाटलं ती माझी बाजू घेऊन म्हणेल, कशाला. ती म्हणाली, "तुझं लिही हवं तर. तू लहान होतीस. माझं ते येस तेवढं नको लिहूस."